हेल्मेटसक्ती: डोकं माझं, जोखीम माझी, मग दंड कशाचा?

एरंडवणे

पुण्यात हेल्मेटचा विषय निघाला की दोन मिनिटांत चर्चा टिंगलीवर जाते. तसं होऊ नये म्हणून आधीच सांगतो, चर्चेचा हा धागा मी मनापासून काढतोय. मी स्वतः हेल्मेट घालतो, बायकोलाही घालायला लावतो. तरीही सज्ञान माणसाने हेल्मेट घातलं नाही म्हणून सरकारने त्याला दंड करावा, हे मला तत्त्वतः पटत नाही.

कायदा काय म्हणतो ते माहीत आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९: दुचाकी चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचं. पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ड आलं, त्यात एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन रद्द. म्हणजे पुण्याने कितीही मोर्चे काढले तरी कायद्यात संदिग्धता काहीच नाही. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. असा कायदा असावा का?

माझ्या मते रस्त्यावर दोन वेगवेगळ्या जोखमी असतात. कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाने भरधाव गाडीखाली दोन तरुण इंजिनिअरांना मारलं. ती जोखीम त्याने दुसऱ्यांच्या जिवावर घेतली होती. नवले पुलाच्या उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडणारा ड्रायव्हर पुढच्या पन्नास गाड्यांच्या जिवावर उठलेला असतो. त्याला अडवायचा, तुरुंगात घालायचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. पण मी टिळक रस्त्यावरून उघड्या डोक्याने गेलो तर धोका कोणाला? मला. तिथे सरकार माझा पालक होऊन का येतं?

आणि प्रत्यक्षात पोलिसांची ताकद जाते कुठे? सगळ्यात सोप्या ठिकाणी. हेल्मेट नसलेलं डोकं लांबून दिसतं, फोटो काढला की चलन तयार. उलट दिशेने येणारा, रात्री दारू पिऊन चालवणारा, सिग्नल तोडून पळणारा पकडायला कष्ट पडतात. त्याच २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ आहे, ते कोणी वाचलंय का? रस्त्याच्या रचनेत, बांधकामात, देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. ते कलम लावल्याची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचलीत?

सक्तीच्या बाजूने लिहिणाऱ्यांना एकच विनंती. "हेल्मेटने जीव वाचतो" एवढंच लिहू नका, ते मला मान्य आहे. सरकारला हा अधिकार का, ते सांगा.

घाटरस्ता

मी रस्ते बांधणीत काम करतो, म्हणून आधी थोडं तांत्रिक लिहितो. तत्त्वाचं नंतर.

"शहरात वेग तीसच्या वर जातच नाही, हेल्मेट कशाला?" हा युक्तिवाद या धाग्यावर येणारच आहे. दुचाकीवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी जागच्या जागी आडवी झाली आणि डोकं थेट जमिनीवर आलं, तरी ते ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतं. दीड मीटरवरून पडण्याचा हा हिशोब आहे, गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. डांबर मऊ पडत नाही आणि कवटीला स्प्रिंग नसते. हेल्मेटचं बाहेरचं कवच काम करतं असं लोकांना वाटतं. खरं काम आतल्या थर्माकोलच्या थराचं. तो चिरडला जातो आणि डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. म्हणूनच एकदा मोठा मार बसलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी टाकून द्यायचं. आणि पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीत उडून जातं.

अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी होते. केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली दुचाकीवरची होती, ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. ही सगळीच हेल्मेटने वाचली असती असं नाही. बसच्या चाकाखाली आलेल्याला हेल्मेट काय करणार? पण त्यातली बरीच वाचली असती.

एरंडवणे

घाटरस्ता, माहिती उत्तम, थर्माकोलबद्दल मला एवढं ठाऊक नव्हतं. पण प्रश्न तिथेच राहिला. त्याच २०२२ मध्ये ३२,८२५ पादचारी गेले ना? त्यांनी कोणती जोखीम घेतली होती? रस्ता ओलांडण्याची! त्यांच्यासाठी काय मोहीम आहे?

वारणाकाठ

शहरवाल्यांनी जरा इकडे येऊन बघावं. आमच्याकडे ऊसतोडणी सुरू झाली की संध्याकाळनंतर रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरून येणाऱ्याच्या अप्परचा प्रखर झोत डोळ्यावर पडला की पुढची ट्रॉली दिसतच नाही. दर हंगामात आजूबाजूच्या गावातलं कोणीतरी जातंच. जाणारा बहुतेक दुचाकीवरचा.

आता त्याने हेल्मेट घातलं असतं तर वाचला असता का? कधी हो, कधी नाही. पण पोलीस त्याच रस्त्यावर दिवसा हेल्मेटची पावती फाडतात आणि रात्री ट्रॉली सोडतात, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. ट्रॉली कोणाची? कारखान्याच्या वाहतूकदाराची. कारखाना कोणाचा, हे इथे सांगायची गरज नाही. गावात लोक हेल्मेटला विरोध करत नाहीत, ते आरशाला अडकवून फिरतात आणि नाका दिसला की घालतात. कारण त्यांना तो कायदा जीव वाचवायचा वाटत नाही, पावतीचा वाटतो.

अबोली

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मेंदूला मार लागलेल्या रुग्णांबरोबर गेली बरीच वर्षं काम करते. एरंडवणे, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

"जोखीम माझी" म्हणणाऱ्यांच्या मनात दोनच शेवट असतात. काही झालं नाही तर ठीक, झालं तर मेलो. मधलं कोणी डोळ्यासमोर आणत नाही आणि मला रोज मधलेच भेटतात. डोक्याला मार लागून आलेला पंचविशीतला मुलगा. मेंदूला सूज, म्हणून कवटीचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलेलं, सूज उतरली की पुन्हा बसवायला. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी. नाकातून अन्नाची नळी, म्हणजे राईल्स ट्यूब. हे सुरुवातीचं. बहुतेकांना वाटतं तेवढं निभावलं की झालं.

खरं त्यानंतर सुरू होतं. मेंदूचा पुढचा भाग दुखावला की माणसाचा स्वभाव बदलतो. शांत होता तो हात उगारायला लागतो. हिशोब ठेवणारा होता त्याला दुकानातून दोन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच आठवते. वास येत नाही, म्हणून गॅस चालू राहिलेला कळत नाही. आकडी येते. चालता येतं, बोलता येतं, म्हणून बाहेरच्यांना तो बरा झालेला दिसतो. घरच्यांना माहीत असतं की हा तो नाही. मग आई किंवा बायको नोकरी सोडते. धाकट्या बहिणीचं शिक्षण थांबतं. शेत विकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

माझं उत्तर खर्चाचं नाही. खर्चाच्या युक्तिवादावर तुम्ही लगेच "मग गुटखा आणि वडापाव खाणाऱ्यालाही दंड करा" असं म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. माझं म्हणणं असं आहे की स्वातंत्र्याचा तुमचा सगळा मुद्दा "ज्याने ठरवलं, तोच भोगतो" यावर उभा आहे. डोक्याच्या मारात नेमकं तेच होत नाही. ज्याने सकाळी हेल्मेट न घालायचं ठरवलं, तो माणूस संध्याकाळी उरत नाही. त्याच्या जागी दुसराच कोणी असतो. ज्याला काहीच विचारलं नव्हतं असा, आणि त्याला ते सगळं आयुष्य काढायचं असतं. मोडलेला पाय "माझा" असतो. तो मोडल्यावरही मी मीच असतो, माझ्या निर्णयावर पस्तावू शकतो. मेंदूचं तसं नाही. म्हणून गिर्यारोहण किंवा समुद्रात पोहणं यांच्या रांगेत मी हेल्मेट बसवत नाही.

रानजाई

अबोलीताई, प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

मला मागे बसणाऱ्यांबद्दल बोलायचंय, कारण अर्धं आयुष्य आम्ही बायका मागेच बसतो. या अख्ख्या चर्चेत "मी ठरवलं" असं म्हणणारा माणूस पुढे हँडल धरून असतो. घरात हेल्मेट एकच असतं आणि ते त्याचं असतं. लग्नाला निघालेल्या बाईने केस विस्कटतील म्हणून नको म्हटलं हे खरं आहे, पण तिला कोणी दुसरं हेल्मेट विकत आणून दिलं होतं का? दिल्लीत २०१४ पर्यंत बायकांना हेल्मेट ऐच्छिक होतं, मग फक्त शीख बायकांपुरती सूट ठेवली. तोवर त्या "स्वातंत्र्याचा" अर्थ एवढाच होता की बायकांच्या डोक्याची चिंता कायद्याला नव्हती. महाराष्ट्रातही मागे बसणाऱ्यांवर कारवाईचा जोर २०२२ ला मुंबईत आणि २०२४ च्या शेवटी राज्यभर आला. कलम १९८८ चं आहे!

आणि पुढे पाय ठेवायच्या जागेत उभं केलेलं पोर? ते काय ठरवतं?

घाटरस्ता

रानजाई, सहमत. लहान मुलांसाठी केंद्राने २०२२ मध्ये नियम केलाय, वर्षभराने लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं (सायकलचं हेल्मेटही चालतं) आणि गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. शाळांच्या फाटकाशी उभं राहून बघा, किती जणांना माहीत आहे.

चारचाकीबद्दलही एक सांगतो, कारण तिथे "माझी जोखीम" हा मुद्दा सरळच कोसळतो. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेला माणूस धडकेच्या क्षणी गाडीच्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि पुढे पट्टा लावून बसलेल्याला चिरडतो. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत गेले, तेव्हा मागच्या सीटवर होते आणि पट्टा नव्हता. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरला सूर्या नदीच्या पुलावर गेले, तेही मागे, पट्ट्याविना. गाडी महागडी, पुढचे दोघे वाचले. एवढी मोठी माणसं गेली तरी मागचा पट्टा लावणारं कुटुंब आजही शोधावं लागतं.

आप्पा_सातारकर

मी न्यायालयात अपघाताचे खटले चालवले आहेत. एक बाजू कोणी मांडली नाही, ती मांडतो.

समजा गल्लीतून एक रिक्षावाला बाहेर येतो, त्याची थोडी चूक होते, वेग कमीच. दुचाकीला धक्का बसतो, माणूस पडतो. डोक्यावर हेल्मेट असेल तर खरचटतं, हात मोडतो. रिक्षावाल्यावर हयगयीने गाडी चालवल्याचा आणि दुखापतीचा गुन्हा. हेल्मेट नसेल आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आदळलं, तर तोच धक्का, तीच चूक, पण आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. त्याची रिक्षा जमा, जामिनासाठी धावपळ, खटला पुढे वर्षानुवर्षं. आणि एक माणूस आपल्या हातून मेला हे तो जन्मभर वागवतो. अशी माणसं मी समोर बसवून त्यांची उलटतपासणी घेतली आहे.

तेव्हा उघड्या डोक्याने रस्त्यावर उतरणारा आपली जोखीम आपल्यापुरती ठेवत नाही. त्या दिवशी त्याच्या वाटेत येणाऱ्या प्रत्येकाच्या छोट्या चुकीची किंमत तो परस्पर वाढवून ठेवतो. रस्ता सामायिक आहे, तिथे चुका होणारच. एकाच्या चुकीने दुसरा मरू नये एवढी तजवीज प्रत्येकाने करायची, ही अट मला अवाजवी वाटत नाही.

एरंडवणे, तुम्ही "अधिकार का" असं विचारलं होतं. माझ्यापुरतं हे उत्तर आहे.

एरंडवणे

आप्पा, हा मुद्दा मी खरंच कुठे वाचला नव्हता. विचार करतोय.

अबोली, तुमच्या प्रतिसादातलं "तो माणूस उरत नाही" हे मात्र मला अजून पूर्ण पटत नाही. दारूनेही माणूस बदलतो, कर्जानेही बदलतो. भविष्यातल्या माझ्या वतीने आजच्या मला सरकार अडवायला लागलं तर ते थांबणार कुठे? हा प्रश्न मी सोडून देणार नाही.

मिशिगनकाठ

शिकागोहून लिहितोय. आमच्याकडे हा वाद पन्नास वर्षं न्यायालयांत झालाय, म्हणून थोडी भर.

मी राहतो त्या इलिनॉय राज्यात मोटरसायकलला हेल्मेटचा कायदा नाही. १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण जवळपास एरंडवणे देतात तेच: स्वतःपुरत्या सुरक्षेसाठी राज्याने आपला अधिकार वापरू नये. त्या उलट १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या संघीय न्यायालयाने कायदा कायम ठेवला. तिथल्या न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं: अपघाताच्या क्षणापासून समाजच त्याला रस्त्यावरून उचलतो, सार्वजनिक रुग्णालयात नेतो, नोकरी गेली तर भत्ता देतो, कायमचा अधू झाला तर त्याला आणि त्याच्या कुटुंबाला सांभाळतो. मग तो कशाच्या आधारावर म्हणतो की हे फक्त माझ्यापुरतं आहे?

नंतर राज्यांनी मधला मार्ग काढला. फ्लोरिडाने २००० मध्ये, मिशिगनने २०१२ मध्ये. एकवीस वर्षं पूर्ण आणि ठराविक रकमेचा वैद्यकीय विमा (मिशिगनमध्ये किमान वीस हजार डॉलर) असेल तर हेल्मेट ऐच्छिक. तत्त्व असं की जोखीम घ्यायची तर तिचा भार उचलायची सोय आधी दाखवा.

इथे उन्हाळ्यात तळ्याकाठच्या रस्त्याने उघड्या डोक्याने जाणारे थवे दिसतात. याच राज्यात गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावला नाही तर दंड होतो. मला दोन्हीचा मेळ लागत नाही.

एरंडवणे

मिशिगनची व्यवस्था मला आवडली. हेल्मेट नको असेल त्याने जास्तीचा विमा घ्यावा, तसं लायसनवर नोंदवावं आणि मोकळेपणाने फिरावं. यात सरकारही सुटलं आणि माझं स्वातंत्र्यही राहिलं.

अबोली

नाही हो, सुटत नाही. आपल्याकडे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोकड न भरता मिळायची योजना आहे. चांगली योजना आहे, पहिल्या तासात पैशांसाठी कोणी अडू नये हेच हवं. पण अतिदक्षता विभाग, मेंदूची शस्त्रक्रिया, व्हेंटिलेटर धरले तर दीड लाख किती दिवस पुरतात ते कोणत्याही नातेवाइकाला विचारा. आठव्या दिवशी रुग्ण बहुधा बेशुद्धच असतो. विमा रुग्णालयाचं बिल भरतो. पुढची वीस वर्षं त्याला आंघोळ घालणाऱ्या आईच्या हातांचा विमा कोणती कंपनी उतरवते?

आणि खाट हा पैशांचा प्रश्न नाही. सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटरची खाट मोजकी असते. टाळता आला असता असा रुग्ण तिथे असतो, तेव्हा पक्षाघाताचा किंवा बाळंतपणात गुंतागुंत झालेला दुसरा कोणीतरी बाहेर स्ट्रेचरवर असतो. त्याने कोणती जोखीम घेतली होती?

निशाचर

मी घरपोच सामान पोहोचवतो, रात्रीची पाळी. इथे सगळे "जोखीम घेतो", "ठरवतो" असं लिहितायत म्हणून लिहावंसं वाटलं.

ॲपवर मिनिटं उलटी चालू असतात. उशीर झाला की रेटिंग पडतं, रेटिंग पडलं की चांगल्या ऑर्डर येत नाहीत. आठवड्याचा बोनस पूर्ण करायचा तर ठराविक फेऱ्या लागतात. मग उलट दिशेने जाणं, सिग्नल तोडणं, फोन हेल्मेटच्या आत कानाशी खोचून पत्ता विचारणं हे सगळं होतं. हौस म्हणून कोणी करत नाही. मी हेल्मेट घालतो, आमच्यातले बरेच जण घालतात, पण पंधरा तासांच्या पाळीत उन्हाळ्यात आतला कपडा ओला होतो, काढावंसं वाटतं. दंड बसला तर एक दिवसाची कमाई जाते, लायसन तीन महिने गेलं तर घर चालणार नाही.

ज्याने दहा मिनिटांत पोहोचवायचं वचन जाहिरातीत दिलं, जोखीम त्याची ना? चलन माझ्या नावावर येतं.

वारणाकाठ

निशाचर भाऊ, बरोबर बोललात. आमचा ट्रॉलीवाला पण तेच सांगतो. फेरीवर पैसे, दिवा बसवायला पैसे कोण देणार?

रानजाई

"उन्हाळ्यात घालवत नाही" हे कारण नेहमी हसण्यावारी नेतात, तसं नेऊ नये. विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत डोक्यावर डबा घालून फिरणं खरोखर त्रासाचं आहे. हवा खेळती राहणारी, हलकी हेल्मेटं बाजारात आहेत, पण महाग. रस्त्याकडेला मिळतात त्यातल्या कित्येकांवर दर्जाचा आयएसआय शिक्का खोटा असतो. २०२१ पासून बिगर-आयएसआय हेल्मेट बनवणं-विकणं बेकायदा आहे. म्हणजे खोटं हेल्मेट विकणाऱ्याला मोकळं सोडायचं आणि ते फसून घेणाऱ्याला पट्टा लावला नाही म्हणून अडवायचं, असं चाललंय.

एरंडवणे

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. मी कुठे आलोय ते लिहितो.

मागे बसणारी व्यक्ती आणि मूल यांच्याबाबत सक्ती हवी, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. त्यांचं "ठरवणं" आपण गृहीत धरतो. चालकाच्या बाबतीत अबोलींच्या मुद्द्यापेक्षा आप्पांचा मुद्दा मला जास्त जड वाटतो. सामायिक रस्त्यावर दुसऱ्याच्या चुकीची किंमत मी एकतर्फी वाढवू नये, हे मान्य करायला मला माझं तत्त्व सोडावं लागत नाही. इथे सरकार माझा पालक होत नाही, माझ्या शेजाऱ्याच्या बाजूने उभं राहतं. तिथवर दंड मान्य.

तीन महिने लायसन रद्द करणं मात्र मला अजूनही अमान्य आहे. निशाचर यांच्यासारख्याची रोजी जाते आणि दुसऱ्याला उडवू शकणाऱ्या वेगाच्या गुन्ह्याच्या पंक्तीत हे जाऊन बसतं. आणि जो कायदा दुसऱ्याच्या चुकीचा विचार करायला मला भाग पाडतो, त्याने रस्ता बांधणाऱ्याच्या चुकीचाही तितकाच हिशोब मागितला पाहिजे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं. ही सुरुवात आहे. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते, कलम १९८अ वापरलं तर रस्ता आधी नीट होईल.

मी माहिती अधिकारात अर्ज करणार आहे. मसुदा असा: एक, २०१९ पासून आजवर पुणे शहर हद्दीत कलम १९८अ खाली किती प्रकरणं दाखल झाली, कोणत्या यंत्रणेविरुद्ध? दोन, याच काळात कलम १९४ड खाली किती चलनं, आणि मद्यपान, उलट दिशा, अतिवेग यांची किती? तीन, नवले पुलाच्या उतारासाठी २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या त्या अपघातानंतर (एका ट्रकने डझनावारी गाड्या ठोकल्या होत्या) कोणत्या रचनात्मक दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या किती झाल्या? अजून काय घालू?

घाटरस्ता

तिसऱ्या प्रश्नात "रस्ता सुरक्षा लेखापरीक्षण अहवालाची प्रत" मागा. नुसती "उपाययोजना" विचारलीत तर "फलक लावले" असं उत्तर येईल. उताराची टक्केवारी आणि वेग रोखायची व्यवस्था यांचे कागद वेगळे मागा. महामार्गाचा तो भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे येतो, म्हणजे अर्ज तिकडेही करावा लागेल. एकच अर्ज केलात तर तो इकडून तिकडे फिरत राहील.

आप्पा_सातारकर

"किती प्रकरणं" असं विचारताना आकडा शून्य असेल तर "निरंक" असं लेखी द्यावं, हे वाक्य मसुद्यात घाला. नाहीतर "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" म्हणतात. पहिलं अपील तीस दिवसांत करायचं असतं, तारीख लिहून ठेवा.

वारणाकाठ

आमच्या जिल्ह्यासाठी एक प्रश्न जोडा: मागच्या तीन गळीत हंगामांत रिफ्लेक्टर आणि मागचा दिवा नसलेल्या ऊस ट्रॉल्यांवर किती कारवाया झाल्या, आणि दंड ट्रॅक्टरवाल्याने भरला की कारखान्याने? अर्ज मी माझ्या नावाने करतो, मसुदा फक्त तपासून द्या.

निशाचर

आणि घरपोच सेवेच्या कंपन्यांबद्दल असं काही विचारता येतं का? म्हणजे चलन गाडीमालकाच्या नावावर जातं, पण ती गाडी त्या वेळी कोणाच्या ऑर्डरवर होती याची नोंद पोलीस ठेवतात का? माहिती अधिकार खासगी कंपनीला लागत नाही हे माहीत आहे. पण पोलिसांना विचारता येईल ना?

आप्पा_सातारकर

येईल. पोलिसांकडे अशी नोंद नसेल, तर "नोंद ठेवली जात नाही" हे उत्तरही लेखी घ्या. कामगार आयुक्तांकडे जायचं असेल तेव्हा तोच कागद लागेल. मला संदेश पाठवा, तुमचा अर्ज मी लिहून देतो.